तीन मीटर म्हणजे दहा फूट नव्हे

साखर कारखाना सुरू झाला की आमच्या कसबा बावड्यात हवा गोड होते. पहिले दोन दिवस बरं वाटतं. मग त्या गोडात मळीचा आंबूस वास मिसळतो, दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडायला लागतात, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेली माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात. थंडी अजून धड पडलेली नसते. याच दिवसांत गावाबाहेरच्या मैदानावर शेती प्रदर्शनाचा मांडव उभा राहतो. बाकीच्यांना या हंगामात गुऱ्हाळ आठवत असेल, हुरडा आठवत असेल. मला तिथं लोखंडी खांब ठोकल्याचा आवाज आला तरी कपाळाची शीर उडायला लागते.

गेल्या सोमवारी प्रदर्शनवाल्यांचा फॉर्म मोबाइलवर आला. नाव, पत्ता, मालाचा प्रकार, आणि खाली एक ओळ : स्टॉलचे माप ३ मी. × ३ मी. ती ओळ वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल घेतला होता. आमचा माल म्हणजे उसाचे डोळे काढायचं यंत्र. उसाच्या प्रत्येक कांड्यावर एक डोळा असतो, त्यातून नवा ऊस फुटतो. पूर्वी अख्खी कांडी पुरायचे. आता नुसता डोळा कोरून काढतात आणि ट्रेमध्ये त्याचं रोप करतात. लग्नानंतर सहा वर्षं मी रोपवाटिकेत हेच काम केलं. हाताच्या यंत्राचा दांडा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. संध्याकाळी मनगट इतकं सुजलेलं असायचं की कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. माझा नवरा प्रकाश वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. त्यानं ते बघून पायानं चालणारं यंत्र केलं. बाईनं स्टुलावर बसायचं, दोन्ही हात मोकळे, पाय दाबला की डोळा खाली. त्याला आम्ही नाव दिलं ‘डोळस’. पहिली खेप तयार झाली आणि आमच्या पलंगाखाली जाऊन बसली, कारण ती विकायची कुठं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून प्रदर्शन. जागेचं भाडं भरलं आणि मग कळलं की भाड्यात मिळतात फक्त तीन पांढऱ्या पत्र्यांच्या भिंती, एक टेबल आणि एक दिवा. आतली सजावट ज्याची त्यानं करायची. सजावटवाल्याला विचारलं, तर त्यानं सांगितलेला आकडा जागेच्या भाड्याहून मोठा होता. मी रात्रीच्या जेवणात तो आकडा सांगितला आणि ताटावर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, घास तसाच धरून ठेवला.

“पैसं कशाला घालतासा त्याच्या मढ्यावर? मी करतो की.”

अप्पा पॅटर्न मेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी मातीत ठसा उमटवायला लाकडाचा नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. शिवाजी पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी पंपाचे, गिअरचे, ब्रेक ड्रमचे पॅटर्न केले. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकूड किती मोठं धरायचं, कुठं केसाएवढं जास्त ठेवायचं, हे त्यांना बोटांनी समजायचं. पुढं पॅटर्नही मशीनवर व्हायला लागले. दुकान बंद झालं, हत्यारं आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली, आणि अप्पा रोज सकाळी ती पुसून परत ठेवायला लागले. त्यामुळं ते ‘मी करतो की’ म्हणाले तेव्हा प्रकाशचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार. फुकटात काम होत होतं.

स्वस्तात करायचं म्हणजे पैशाच्या जागी दुसरं काहीतरी खर्च होतं. ते काय, हे आधी कुणी सांगत नाही.

लाकूड विकत आणायचं नाही, असं अप्पांनी ठरवलं. शेडमध्ये जुने पॅटर्न पडून होते, ज्यांचे मालक कधी परत आलेच नाहीत. सागवानाचे, लाल-पिवळा रंग दिलेले. त्यातले चांगले तुकडे ते सोडवून घ्यायला लागले. एक तुकडा सोडवायला एक सकाळ. रंध्याचा आवाज, भुशाचा तिखट वास, सरसाचं पातेलं माझ्या गॅसवर. पातेलंही माझंच. खिळा मारायचा नाही, सगळं एका लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवून आणि पाचर मारून जोडायचं, हाही त्यांचाच नियम.

“अप्पा, तीन दिवसांचं प्रदर्शन आहे,” मी म्हणायची. “खिळे मारून होईल की.”

“खिळा मारला की लाकूड फाटतंय. सुटं करून पुढच्या वर्षी लावता यायला पायजे.”

मी म्हटलं, मागं लावायला मोठा फ्लेक्स छापू, यंत्राचं चित्र आणि फोन नंबर. ते म्हणाले, फ्लेक्स वाढदिवसाला लावत्यात. त्यांनी दर्शनी फळीवर ‘डोळस’ ही अक्षरं कोरायला घेतली. सागवानात सागवानाची अक्षरं. जवळून बघितली तर बोट फिरवत बसावं इतकी देखणी, आणि दहा पावलांवरून काहीच दिसत नाही. मी म्हटलं, निदान पांढरा रंग द्या. ते म्हणाले, लाकडाचं तोंड झाकायचं नसतं.

पंधरा दिवस मी दात आवळून फिरत होते. नवऱ्याशी भांडता येतं. सासऱ्याला काय बोलणार? ‘बरं अप्पा’ म्हणायचं आणि चहाचं आधण जोरात ठेवायचं. यंत्राची माहिती छापायची राहिली होती, कुणाला काय सांगायचं ते ठरायचं होतं, आणि आमचं घर एका लाकडी चौकटीभोवती फिरत होतं. प्रकाश म्हणायचा, “करू दे की. किती दिवसांनी खूश हाईत ते.” त्याचं खरं होतं. अप्पा शिट्टी वाजवत होते. मी त्यांना शिट्टी वाजवताना आधी कधी ऐकलंच नव्हतं.

सुरुवातीलाच त्यांनी मला माप विचारलं होतं. मी भाजी चिरत होते. प्रदर्शनवाल्यांचा माणूस फोनवर ‘दहा बाय दहाचा स्टॉल’ म्हणाला होता, सगळेच तसं म्हणतात. मी म्हटलं, “दहा फूट, अप्पा. दहा बाय दहा.” फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. त्यावर मीटरात लिहिलं होतं, ते मी वाचलंही होतं. मला वाटलं, एकच की.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो मैदानावर लागला. सगळीकडं नव्या काथ्याचा आणि ओल्या मातीचा वास. आमच्या शेजारचा स्टॉल गडहिंग्लजच्या दस्तगीरभाईंचा. गोठ्यात जनावरांखाली घालायच्या रबरी चटया विकायचे. त्यांनी दोन चटया भिंतीला टांगल्या, एक जमिनीवर अंथरली, पिवळ्या पुठ्ठ्यावर हातभर अक्षरांत ‘म्हैस घसरणार नाही’ लिहून दोरीनं बांधलं, आणि अर्ध्या तासात ते चहा पीत बसले होते.

आम्ही मागची चौकट उचलली. एक बाजू आत गेली. दुसरी जाईना. अप्पांनी वाकून बघितलं, तिरकी करून बघितली, उलटी करून बघितली. मग टेप काढून पत्र्याच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. टेपवर अंगठा तसाच दाबून धरून ते उभे राहिले.

गळ्यात पट्टा घातलेला प्रदर्शनवाल्यांचा माणूस आला. प्रकाश त्याला म्हणाला, “दोन इंच कमी हाय की वो जागा. दहा फूट म्हणालासा.”

“तीन मीटर म्हणजे तीन मीटर. फॉर्मवर लिहिलंय की साहेब, सगळ्यांना दिलाय.”

“जरा सरकवा की भिंत.”

“पलीकडं पन्नास स्टॉल हाईत. कुणाकुणाचं सरकवू?”

तो गेला. अप्पा माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं, “राजश्री, तू मला काय माप सांगितलं हुतंस?”

त्या क्षणी माझ्या आत पंधरा दिवस साठलेलं सगळं होतं. सरसानं खराब झालेलं पातेलं, न छापलेला फ्लेक्स, कमरेची कळ, आजूबाजूला थांबून बघणारी माणसं. मी म्हणाले, “तीन मीटरच सांगितलं होतं की, अप्पा.”

इतकं सहज आलं तोंडातून, की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

“व्हय?” ते म्हणाले. “मग म्याच दहा फूट धरलं म्हणायचं.”

त्यांनी पिशवीतून करवत काढली. मांडवाच्या हिरव्या कापडावर गुडघे टेकले, पायानं फळी दाबली आणि कापायला लागले. एका टोकाला कापलं की तिथलं कुसू जाणार, सांधा संपणार, हे मला पंधरा दिवसांत समजायला लागलं होतं. एकेक करून सहा लाकडं कापली. दर्शनी फळी एकाच बाजूनं कापल्यानं कोरलेलं नाव मधोमध न राहता बाजूला सरकलं. मग जोडायचं कसं? ते उठून शेजारी गेले आणि दस्तगीरभाईंना म्हणाले, “पावणं, खिळं हाईत का वो चार?”

दस्तगीरभाईंनी खिळे दिले, हातोडी दिली, वर नायलॉनची दोरीही दिली. “राहू दे वो चाचा, असं बारीकसारीक चालतंय.” अप्पा खिळे ठोकायला बसले. पहिल्याच खिळ्याला लाकूड फाटलं.

पहिल्या दिवशी आमच्या स्टॉलवर कुणी आलंच नाही म्हटलं तरी चालेल. लोक समोरून जायचे, चौकटीकडं बघायचे, पुढं सरकायचे. दोघांनी विचारलं, फर्निचरचं दुकान कुठं आहे. एकानं मोबाइल चार्ज करायला जागा मागितली. एका बाईनं विचारलं, पिशवी फुकट देता का? मी टेबलामागं बसून हसून हसून गाल दुखवून घेतले. शेजारी गर्दी मावत नव्हती. माणसं चटईवर चढून, टाच घासून बघत होती.

दुपारी दस्तगीरभाई चहाचा कप घेऊन आले. “वैनी, राग मानू नगासा. एक सांगू?”

“सांगा की.”

“टेबल आडवं लावून बसलायसा तुमी. दार लावल्यावर घरात कोण येतंय? माणूस आत यायला पायजे, मालाला हात लावायला पायजे. आणि ऊस कुठं हाय?”

उसाचे डोळे काढायचं यंत्र घेऊन आलो होतो, कोल्हापुरात, ऐन हंगामात, आणि एक कांडं आणलं नव्हतं. लाकडाच्या नादात ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला रडावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, कळेना.

दुसऱ्या दिवशी प्रकाशनं उसाची मोळी आणली. टेबल मागं ढकललं, यंत्र पुढं, त्याच्यापुढं स्टूल. मी एका पुठ्ठ्यावर काळ्या रंगानं लिहिलं, ‘बसा, डोळा काढून बघा’, आणि तो अप्पांच्या कोरीव अक्षरांवरच बांधला. लावताना अप्पांनी तो सरळ धरायला मदत केली. त्या दिवसापासून माणसं आली. बायका आल्या, ज्यांची मनगटं माझ्यासारखीच होती. एक म्हातारी स्टुलावर बसली ती चार उसांचे डोळे काढूनच उठली. “हे आधी का न्हाय केलंसा?” असं माझ्यावरच ओरडली. थोडी यंत्रं जागेवरच खपली, थोड्यांची नावं लिहून घेतली. पलंगाखालची खेप पुढच्या दोन महिन्यांत संपली. त्या अर्थानं सगळं ठीकच झालं. विचारणाऱ्याला आम्ही तसंच सांगतो.

पण तिसऱ्या दिवशी एक फाउंड्रीवाले आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यांनी यंत्राकडं बघितलंही नाही. दर्शनी चौकटीच्या एका सांध्यापाशी उभे राहिले, जो कापावा लागला नव्हता, आणि त्यावर अंगठा फिरवला.

“हे कुणी केलं?”

“मी,” अप्पा म्हणाले.

“पेठेतले पॅटर्नवाले अप्पा तुम्हीच का? मी शोधतोय तुम्हाला. जुन्या पंपाचं एक पॅटर्न करायचंय. ड्रॉइंग न्हाय, नुसता मोडका तुकडा हाय. मशीनवाले नको म्हणालेत. करणार काय?”

असं काम म्हणजे अप्पांचा जीव. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी हात पाठीमागं घेतले.

“न्हाय वो. सांगितलेलं माप आता डोक्यात ऱ्हात न्हाय. तुमचं लोखंड वाया घालवीन मी.”

मला तेव्हा बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं. गिऱ्हाईक उभं आहे, प्रकाश बघतोय, संध्याकाळी घरी गेल्यावर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. संध्याकाळी सगळेच दमले होते. दुसऱ्या दिवशी सामान उतरवायचं होतं. मग संक्रांत आली. खोटं बोलायला क्षण पुरतो. ते परत घ्यायला चांगला दिवस बघत बसलं, तर तो काही केल्या सापडत नाही.

त्यानंतर अप्पांनी हत्यारं पुसायचं सोडलं. बाजारात जाताना चिठ्ठी मागायला लागले, दोनच वस्तू असल्या तरी. “काय म्हणालीस?” असं दोन-दोनदा विचारायचे. वीजबिल भरलं की पावती मला दाखवायचे, लहान मूल पाटी दाखवतं तशी. एकदा दवाखान्यातून आले आणि मला कळलं, की विसरण्याचा आजार सुरू झालाय का, हे ते स्वतःहून डॉक्टरांना विचारून आले होते. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही. अप्पा मला म्हणाले, “त्यास्नी सुरुवातीला कळत नसंल.” मी त्यांच्यासमोर उभी राहून कोथिंबीर निवडत होते.

आणि मी चिडतच होते, हे सांगायला लाज वाटते. चिठ्ठी मागितली की चिडायची. दोनदा विचारलं की चिडायची. आपण ज्याचं नुकसान केलं, त्याच्यावरच राग काढणं किती सोपं जातं!

तर गेल्या सोमवारी तो फॉर्म आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत होते. मी गेले आणि न बसताच बोलले, कारण बसले असते तर दुसराच विषय काढला असता.

“अप्पा, स्टॉलचं माप तुमचं चुकलं नव्हतं.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“मी तुम्हाला दहा फूटच सांगितलं होतं. फॉर्मवर तीन मीटर होतं. तुम्ही दहा फुटाला बरोबर दहा फूट केलं होतं. तिथं मी खोटं बोलले.”

त्यांनी पेपराची घडी घातली.

“त्या दिवशी का न्हाय सांगितलंस?”

“चिडले होते तुमच्यावर.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

मी कट्ट्यावरची धूळ हातानं झटकायला लागले.

“आणि त्या फाउंड्रीवाल्याला मी न्हाय म्हणालो तवा? तू हुतीस न्हवं माझ्या बाजूला?”

“होते.”

“डॉक्टराकडनं आलो तवा?”

त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. समोरच्या घरातली बाई दारात आली.

“दोन वरसं मी माझ्या डोस्क्याला शिव्या घालतोय, पोरी! रातचं उठून पाढं म्हणून बघतोय, येत्यात का म्हणून! आणि तुला ठावं हुतं!”

ते आत गेले. दोन दिवस माझ्याशी शब्द नाही. ताट मी वाढलं तर उठून जायचे. प्रकाशनं वाढलं तर जेवायचे. प्रकाशला मी सगळं सांगितलं. तो चपला घालून वर्कशॉपला निघून गेला, आणि ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच बाहेर पडले. कुठं, ते सांगितलं नाही, चिठ्ठीही मागितली नाही. दुपारचे दोन वाजले तरी आले नाहीत. मी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. अडीचच्या सुमारास कोपऱ्यावर दिसले. चालत येत होते, सावकाश, उन्हातून.

दारात चपला काढता काढता, भिंतीकडं बघत बोलले.

“फाउंड्रीत गेलतो. त्या पंपाचं विचारायला.”

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“झालं की ते कवाच. बाहेरनं कुणाकडनं तरी करून घेतलं. चहा पाजला मला. म्हणाला, तवाच हो म्हणाला असतासा तर लई बरं झालं असतं.”

“अप्पा...”

“गप. माझा राग हाय तुझ्यावर. तो काय एवढ्यात जायचा न्हाय.”

ते मोरीत गेले, हातपाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं. मग स्वयंपाकघरात येऊन पाट ओढला आणि माझ्यासमोर बसले.

“भाकरी वाढ आता. भूक लागलीय.”